सिकंदरचा हात

कवठेमाळच्या पोलीस चालक प्रशिक्षण केंद्रात दोन उस्ताद होते. त्यांचं एकमेकांशी कधी पटलं नाही आणि एकमेकांवाचून त्यांना करमलंही नाही. एक सहायक फौजदार अंकुश शिसाळ, दुसरा सहायक फौजदार सिकंदर मुजावर. दोघं एकाच तुकडीत भरती झाले, एकाच खिळखिळ्या जीपवर शिकले आणि पुढं उभी नोकरी एकाच मैदानावर पोलिसांच्या पोरांना गाडी शिकवत राहिले.

तोवर हमरस्त्यांवर बिनचालकाच्या गाड्या धावू लागून बरीच वर्षं झाली होती. पण त्या गाड्या भलत्याच सज्जन. लाल दिवा दिसला की थांबायच्या, हातगाडी आडवी आली की ती हलेपर्यंत उभ्या राहायच्या. दरोड्याचा फोन आल्यावर सिग्नल तोडून, उलट्या बाजूनं घुसून जायचं तर स्टिअरिंगवर माणूसच हवा. शिवाय कुणाला धक्का लागला तर जाब कुणाला विचारायचा? यंत्राला कोर्टात उभं करता येत नाही. म्हणून पोलिसांच्या गाड्यांना चालक उरले आणि कवठेमाळचं मैदानही उरलं.

मैदानावर टायरांच्या रांगांमधून आठाचा आकडा काढायचा, साबणपाणी ओतलेल्या पट्ट्यावर गाडी घसरली की सावरायची आणि शेवटी ‘बाजारा’तून सुसाट न्यायची. बाजार म्हणजे पत्र्याचे गाळे, लाकडी गाई आणि दोरी ओढली की आडवी येणारी पुठ्ठ्याची माणसं. उस्ताद डावीकडच्या सीटवर बसायचा. त्याच्या पायाखाली जादा ब्रेक असायचा आणि तोंडात शिव्या.

दोघांचा फरक दिसायचा तो चौकात. चौक आला की अंकुश अ‍ॅक्सिलरेटरवरून पाय उचलायचा, अर्धा श्वास जाईल इतकाच वेळ दोन्हीकडं नजर टाकायचा आणि मग पाय पुरता दाबायचा. गाडी अशी सुटायची की बघणाऱ्यानं चार पावलं मागं सरावं. सिकंदरचं तसं नव्हतं. तो सायरन चालू ठेवून चक्क थांबायचा. कोण घाईत आहे, कोण गोंधळलंय, कोण मोबाइलात आहे, हे बघायचा. ज्याला जायचंय त्याला जाऊ द्यायचा आणि मग शांतपणे निघायचा.

“सायरन वाजवून थांबणारा आख्ख्या खात्यात तू एकटाच हायस, लेका,” अंकुश म्हणायचा.

“पोचतोय ना पण? मग तुझ्या पोटात का दुखतंय?” सिकंदर हसून विचारायचा.

आणि खरंच, तो पोचायचा. अंकुशच्या थोडा मागून, पण पोचायचा.

मेंदूवर संशोधन करणाऱ्या डॉक्टर अनघा टिपणीस आपला टोप घेऊन कवठेमाळला आल्या तेव्हा पहिले दोन दिवस सगळ्यांनी त्यांची टिंगलच केली. भाजायच्या रताळ्यावर झाकावं तसं ते भांडं डोक्यावर घालून गाडी शिकायची म्हणजे काय? पण बाईंना समजावून सांगायची हातोटी होती. सायकल येणाऱ्या माणसाला विचारा, तोल कसा सावरतोस? त्याला सांगता येत नाही, त्या म्हणाल्या. कारण ते ज्ञान शब्दांत नसतंच. ते डोक्याच्या मागच्या बाजूला, लहान मेंदूत, वेळेच्या रूपात साठलेलं असतं. कुठला स्नायू कुठल्या स्नायूनंतर, किती जोरानं आणि नेमका कधी. उस्ताद गाडी चालवत असताना तिथल्या पेशी कुठल्या क्रमानं जाग्या होतात ते टोप टिपून घेतो. मग शिकाऊ पोरगा तोच टोप घालून नकली गाडीत बसला की बारीक चुंबकी ठोक्यांनी त्याच्या मेंदूत तोच क्रम पुन:पुन्हा जागवला जातो. झोपेत मेंदू तो पक्का करतो. पंधरवड्यात पोरगा उठतो तो उस्तादाचा हात घेऊनच.

“आणि त्याचा स्वतःचा हात?” सिकंदरनं विचारलं होतं.

“शेतात नवी पायवाट पडली की जुनीवर गवत उगवतं,” डॉक्टर म्हणाल्या. “तसंच. दोन्ही वाटा एकदम चालू ठेवता येत नाहीत. ठेवल्या तर माणूस ऐन वेळी घुटमळतो.”

राज्यात वर्षाला हजारो चालक लागत होते आणि उस्ताद होते बोटावर मोजण्याइतके. खात्यानं टोप उचलून धरला यात नवल नव्हतं. प्रश्न एवढाच उरला की हात कुणाचा घ्यायचा. डॉक्टरांच्या मनात दोन्ही घ्यायचे होते. निम्म्या पोरांना शिसाळांचा, निम्म्यांना मुजावरांचा. केंद्राच्या प्राचार्यांना ते पसंत नव्हतं. दल म्हटलं की सगळं एकसारखं हवं, गणवेश एकसारखा तसा हातही, असं त्यांचं म्हणणं. त्यांनी चाचणी लावली. फाटकापासून बाजारातून वळसा घेऊन परत. दोघांच्याही गाडीला ओरखडा उमटला नाही, एकही पुठ्ठ्याचं माणूस पडलं नाही. पण सिकंदर मागं पडला, कारण बाजारातल्या चौकात तो लाकडी गाईसाठीसुद्धा थांबला.

दुपारी डॉक्टरांनी अंकुशला बाजूला घेतलं.

“शिसाळसाहेब, घड्याळाचं सोडा. तुम्ही त्यांना इतकी वर्षं बघताय. मुजावरांचा हातही घ्यावा असं तुम्ही म्हणालात तर मी प्राचार्यांशी भांडेन.”

अंकुशनं लांब पाहिलं. सिकंदर नळाखाली तोंड धूत होता. तो चांगला उस्ताद आहे, काही बाबतींत आपल्यापेक्षाही चांगला, हे अंकुशला पक्कं ठाऊक होतं. पण राज्यभर आपलाच हात फिरणार, एकट्याचा, ही गोष्ट त्याच्या मनाला गुदगुल्या करत होती. मुलगा नव्हता, शेती नव्हती, मागं राहील असं काही नव्हतं. हे राहणार होतं.

“मॅडम, सिकंदरचा हात चांगलाच हाय,” तो म्हणाला. “फक्त कॉलवर जायचं म्हटलं तर...”

त्यानं वाक्य तिथंच सोडलं. डॉक्टरांनी काही क्षण वाट पाहिली आणि मान हलवली. सिकंदरविरुद्ध आपण एक शब्दही बोललो नाही, असं अंकुशनं त्या दिवशी स्वतःला बजावलं आणि ते त्याला पटलंही.

पुढची दोन-तीन वर्षं सोन्याची होती. पोलिसांच्या गाड्यांचे अपघात खरोखरच कमी झाले. नागपूर असो की सावंतवाडी, पोरं एकाच झोकात वळण घ्यायची. कुठल्याशा गावच्या बसस्टँडवर अंकुश चहा पीत उभा असताना पोलिसांची गाडी चौकातून गेली. पाय उचलणं, तो अर्धा श्वास, तो दाब. चालकाचा चेहरासुद्धा त्यानं कधी पाहिला नव्हता, पण डोळे मिटूनही त्यानं ती गाडी ओळखली असती. चहा निवून गेला तरी तो तिथंच उभा होता. माणसाला याहून जास्त काय मिळायचं असतं, असं त्याला वाटलं.

सिकंदर निवृत्त होऊन गावी गेला. जाताना दोघांनी मिठी मारली. टोपाबद्दल सिकंदर कधी अवाक्षर बोलला नाही, त्यामुळं अंकुशनंही विषय काढला नाही.

अंकुशला एकच मुलगी, ईश्वरी. तिला गाडी शिकवायला बाप एकदाच बसला होता. क्लच लवकर सोडला म्हणून तो असा काही ओरडला की पोरीनं चावी गटारात फेकली आणि घरापर्यंत चालत गेली. मग तिला सिकंदरनं शिकवलं. दहावीपासून नोकरी लागेपर्यंत रविवार चुकला नाही. त्याच्या जुन्या व्हॅनवर, गावाबाहेरच्या माळावर, मग गल्लीतून, मग शुक्रवारच्या खऱ्या बाजारातून. ईश्वरी पुढं खात्यात चालक म्हणून भरती झाली तेव्हा तिच्याकडं आधीच तयार हात होता आणि तो सिकंदरचा होता. चौकात थांबणारा.

जुन्या चालकांना टोपाची सक्ती नव्हती. ईश्वरीला तो नकोच होता.

“माझं चांगलं चाललंय की, पप्पा. चाचांनी शिकवलेलं काय वाईट आहे?”

“वाईट कोण म्हणतंय? पण माझ्या मनाचा इचार कर की. आख्ख्या महाराष्ट्राची पोरं माझा हात घेऊन फिरत्यात, आणि माझी पोरगी तेवढी...”

हेही वाक्य त्यानं अर्धवटच सोडलं. त्याला ती कला चांगली साधली होती. पुढं महिनाभर तो जेवताना गप्प बसायचा, आणि आपला बाप रुसलाय हे कुठल्या पोरीला कळत नाही?

“घेते,” ती एका सकाळी म्हणाली. “तुम्हाला एवढं वाटतंय तर घेते.”

पंधरवड्यानं ती त्याला गाडीत बसवून कवठेमाळच्या मैदानावर घेऊन गेली. तिनं आठ काढला. साबणाच्या पट्ट्यावर गाडी मुद्दाम घसरवली आणि सावरली. अंकुश डावीकडं बसून तिच्या हातांकडं बघत होता. बांगडी घातलेले, नखांना रंग लावलेले हात, पण वळण त्याचं. स्टिअरिंग सरळ झालं की अंगठा टेकवायची सवयसुद्धा त्याची. त्याला रडू आलं आणि त्यानं ते लपवलं नाही.

“आता झालीस माझी पोरगी,” तो म्हणाला.

“आधी कुणाची होते?” ती हसत म्हणाली. पण त्या हसण्यात काही तरी कमी होतं. ते त्याला दिसलं होतं, आणि त्यानं तिकडं काणाडोळा केला होता.

अपघात झाला तो भर दुपारी, कापसे चौकात. सराफाच्या दुकानात दरोडा पडल्याचा कॉल होता. नियंत्रण कक्षानं दोन गाड्या पाठवल्या. एक उत्तरेकडून, एक पूर्वेकडून. एका गाडीत ईश्वरी होती, दुसऱ्या गाडीत रोहिदास वाघमोडे नावाचा तरुण शिपाई. दोघांचे सायरन चालू होते, आणि आपला सायरन कानाशी बोंबलत असला की दुसऱ्याचा ऐकू येत नाही, हे कुठलाही पोलीस चालक सांगेल. ईश्वरीचं खुब्याचं हाड मोडलं. रोहिदास जागच्या जागी गेला.

आठवड्याभरानं डॉक्टर टिपणीसांनी अंकुशला बोलावून घेतलं आणि चौकातल्या कॅमेऱ्यांचं चित्रण दाखवलं. पडद्याच्या डाव्या भागात ईश्वरीची गाडी होती, उजव्या भागात रोहिदासची. दोन्ही गाड्या एकाच क्षणी हळू झाल्या. दोन्ही चालकांना दुसरी गाडी दिसली. दोघांनीही ती हळू झालेली पाहिली, म्हणजे ती आपल्याला वाट देतेय असं धरलं. दोघं अर्धा श्वास थांबले. आणि दोघं एकदम सुटले.

डॉक्टरांनी चित्रण पुन्हा लावलं. अंकुशनं हात वर करून ते बंद करायला सांगितलं.

“सामान्य गाडीवाला सायरन बघून थांबतो,” डॉक्टर म्हणाल्या. “त्या थांबण्यावर तुमचा हात बेतलेला आहे. समोर दुसरा स्वभाव असला की एक जातो, एक थांबतो. बोळात समोरासमोर आलेली दोन माणसं तशीच सुटतात. पण समोर आपणच असलो तर कोण थांबणार? आम्ही हजारो डोक्यांत एकच वेळ घातली. चूक माझी आहे, शिसाळसाहेब. मी भांडायला हवं होतं.”

त्या भांडल्या का नाहीत हे अंकुशला ठाऊक होतं. जुन्या काळी दंगलीत, पुरात तो आणि सिकंदर कितीदा चौकात समोरासमोर आले होते. दर वेळी अंकुश आधी गेला होता. रस्ता आपल्याला मोकळा मिळतो असं त्याला जन्मभर वाटत आलं होतं. तो मिळत नव्हता, कुणीतरी देत होतं, आणि देणाऱ्यालाच त्यानं एका अर्ध्या वाक्यात हाकलून लावलं होतं.

तो रोहिदासच्या गावी जाऊन आला. पोराचा बाप मेंढरं राखणारा. त्यानं अंकुशला घोंगडीवर बसवलं आणि म्हणाला, “तुमचाच हात हुता म्हनं त्येच्याकडं. लई अभिमानानं सांगायचा.” पाणीसुद्धा न पिता अंकुश उठला.

आता एकच उपाय दिसत होता. निम्म्या चालकांच्या डोक्यात दुसरा हात घालायचा, थांबणारा. डॉक्टर तयार होत्या. आता तर प्राचार्यही तयार होते. अंकुश स्वतः गाडी काढून सिकंदरच्या गावी गेला. इतक्या वर्षांत पहिल्यांदा.

सिकंदर ओसरीवर खुर्चीत बसला होता. साखरेच्या आजारानं तो निम्मा झाला होता. डाव्या पायाला बँडेज, उजव्या पायात मऊ सपाता. अंकुशनं अपघाताचं सांगितलं, दुसरा हात का हवा तेही सांगितलं; ईश्वरीच्या टोपाचं तेवढं त्याच्या जिभेवर आलं नाही. त्या दुपारचं अर्धं वाक्यसुद्धा सांगितलं. सिकंदरनं ते ऐकून घेतलं आणि नुसता हात हलवला, माशी उडवावी तसा.

“मला ठावं हुतं रे ते. तुझं तोंड बघून कळतंय की. पर आता माझ्या हाताचं काय बी व्हायचं न्हाई, अंक्या.” त्यानं उजवा पाय पुढं केला. “तळव्यात जीव न्हाई. खाली पेडल हाय का दगड, कळत न्हाई. गेल्या साली व्हॅन इकून टाकली.”

अंकुशनं तिथूनच डॉक्टरांना फोन लावला. पायाची जाणीव मेंदूपर्यंत पोचत नसेल तर टोपाला टिपायला काही मिळणार नाही, असं त्यांनी सांगितलं. मुजावरांकडं शिकलेले बाकीचे चालक? ते सगळे केंद्रातच शिकलेले, आणि सक्ती नसली तरी एकेक करून सगळ्यांनी टोप घेतला होता.

अंकुश फोन खिशात ठेवत होता तेवढ्यात सिकंदरचा चेहरा खुलला.

“आपण येडं का खुळं? ईशू हाय की. मैदानावरच्या पोरांना मी काय, दोन-दोन महिनं शिकवलं. पर ईशूला बारकी हुती तवापासनं शिकवलंय. माझ्यापेक्षा भारी थांबती. तिची हाडं जुळू द्या आणि तिला बशिवा त्या टोपाखाली. माझा हात तिच्याकडं हाय जसाच्या तसा.”

सिकंदरला कुणी कळवलंच नव्हतं. कळवायचं काम अंकुशचंच होतं.

“तिला टोप घ्यायला लावला मी,” तो म्हणाला. “दोन वर्षं झाली.”

सिकंदरनं पुढं केलेला पाय मागं घेतला. मग त्यानं विचारलं, “ती तयार हुती?”

“न्हाई.”

आतून वहिनी चहा घेऊन आल्या. सिकंदरनं कप घेतला, तोंडाला लावला आणि न पिताच खाली ठेवला. त्याचे डोळे भरले होते. त्याच्यावर अन्याय झाला तेव्हा ते भरले नव्हते. “मी रविवारी शिकवलेलं सगळं पुसलंस की रे,” तो एवढंच म्हणाला, आणि मग, पाहुण्याला तसं पाठवणं बरं नव्हे म्हणून, “घे, चहा घे,” असंही म्हणाला.

खात्यानं शेवटी तोडगा काढलाच. प्रत्येक चालकाला पुन्हा टोपाखाली बसवून त्याच्या चौकातल्या थांबण्यात फरक घालायचा. कुणाला किती, ते संगणक चिठ्ठ्या टाकल्यासारखं ठरवणार. याला अमुक, त्याला तमुक. स्वभावाच्या जागी एक आकडा. अपघात त्यानं टळतील असं डॉक्टर म्हणाल्या, आणि टळतीलही. ईश्वरीनं मात्र पुन्हा टोप घालायला नकार दिला. तिनं चालकपद सोडून बिनतारी कक्षात बदली मागितली.

“काय करायचं होतं तेच मला आठवत नाही, पप्पा,” ती म्हणाली होती. “चाचा दिसतात. व्हॅन दिसते. ते माझ्या शेजारी बसून बोलतायत तेही ऐकू येतं. फक्त पाय आठवत नाही.”

कुबड्या सुटल्या त्या दिवशी अंकुश तिला इस्पितळातून घरी आणत होता. गाडी तो चालवत होता, ती डावीकडं बसली होती. गावात शिरताना चौक लागला. उजवीकडून उसानं भरलेला एक ट्रॅक्टर येत होता, दोन ट्रॉल्या मागं घेऊन, डुलत डुलत. वाट भरपूर होती. एरवी अंकुश सुटला असता.

त्यानं पाय उचलला आणि तसाच धरून ठेवला. पाय शिवशिवला, पण त्यानं तो धरून ठेवला. हात त्याचा स्वतःचा होता. हट्ट केला तर या वयातही त्याला तो आवरता येत होता. त्यानं ट्रॅक्टरवाल्याला खुणेनं जा म्हटलं.

शेजारी गाडीच्या पत्र्यावर धप्पकन आवाज झाला. त्यानं खाली पाहिलं. ईश्वरीचा उजवा पाय, नुकताच बरा झालेला, समोरच्या मोकळ्या पत्र्यावर पुरता दाबला गेला होता. तिथं अ‍ॅक्सिलरेटर नव्हता, पण अर्धा श्वास होऊन गेला होता. तिच्या चेहऱ्यावर कळ उमटली होती आणि ती दोन्ही हातांनी गुडघा धरून पाय मागं ओढत होती. पाय येत नव्हता.

“पप्पा, लवकर जावा,” ती म्हणाली. “तुम्ही थांबलात की मला लई त्रास होतो.”